घानाची निवडणूक, टॅम्पिनीसचा नवस

मी चोंबडी आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. लिफ्टमध्ये कुणाच्या पिशवीतून मुळ्याचा पाला डोकावत असला, तर आज त्यांच्याकडे काय बेत आहे याचा विचार मी आमचा मजला येईपर्यंत करते. माझी लेक मेलबर्नहून फोनवर म्हणते, "मा, यू आर सो केपो, लाह." केपो म्हणजे इथे सिंगापूरच्या बोलीत नको तिथे नाक खुपसणारी. ती शिकायला गेल्यावर तिची खोली आम्ही भाड्याने दिली, तीसुद्धा माझी ही हौस भागवायला, असं नवऱ्याचं ठाम मत आहे. तो जुरोंग आयलंडवरच्या रसायनांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. भल्या सकाळी कंपनीच्या बसने जातो, संध्याकाळी येतो, आणि मधल्या वेळात जगात काय झालं हे विचारायची त्याला कधी गरज वाटत नाही.

खोली बघायला आलेल्यांत एक घानाची मुलगी होती. मुलगी म्हणजे तिशी ओलांडलेली, चांगली नोकरी करणारी बाई. कोकोच्या एका कंपनीत बियांची प्रत तपासायची. दारातूनच तिने मला आंटी म्हटलं. हे सिंगापूरला येऊन शिकलीस का, असं मी विचारलं, तर म्हणाली, "नाही, आमच्याकडेही आईच्या वयाच्या बाईला आंटीच म्हणतात." मला ते आवडलं. घाना पश्चिम आफ्रिकेत नेमका कुठे येतो, ते मात्र मी ती गेल्यावर नकाशात शोधलं.

दोन वर्षं ती आमच्याकडे राहिली. शनिवारी सकाळी ती मार्केटमधून मोठी केळी आणून तळायची, मी पोहे करायची, आणि दोघी एकमेकींच्या ताटलीत हात घालायचो. मिरचीच्या बाबतीत तिने मला हरवलं. आमच्या घरात कोल्हापूरच्या सुनेला तिखटावरून कुणी हरवेल, असं मला वाटलं नव्हतं.

तिच्या देशातली निवडणूक जवळ आली, तशी मला नवीन खाऊ मिळाल्यासारखं झालं. रोज रात्रीच्या जेवणानंतर ती भांडी विसळायची आणि मी पुसता पुसता प्रश्न विचारायची. त्यांच्याकडे राष्ट्राध्यक्ष आणि खासदार यांची निवडणूक एकाच दिवशी होते. मतदाराच्या हातात दोन कागद पडतात, दोन पेट्या असतात, आणि शाईत अंगठा बुडवून उमेदवारापुढच्या चौकोनात उठवायचा असतो. कागदाची घडीसुद्धा जपून घालावी लागते. ओल्या अंगठ्याचा ठसा शेजारच्या चौकोनात उमटला, तर मत वाया जायचं. मी सिंगापूरची नागरिक झाल्यापासून आमच्या ब्लॉकजवळच्या शाळेत जाऊन मत देते. इथे मत देणं सक्तीचं आहे, आणि रांग इतकी शहाणी असते की दहा-पंधरा मिनिटांत घरी येऊन कुकर लावता येतो. इकडे फुलीचा शिक्का मारतात. अंगठ्याचं ऐकून मला तो स्वतःच्या शरीराने दिलेला शब्द वाटला.

"दोन्ही कागदांवर एकाच पक्षाला मत द्यावं लागतं का?" मी विचारलं.

"नाही. कुणाकुणाला राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा हवा असतो आणि खासदार दुसऱ्याचा. तसं मत दिलं तर आम्ही त्याला स्कर्ट आणि ब्लाउज म्हणतो. वरचं एका कापडाचं, खालचं दुसऱ्याचं."

मला हसू आवरेना. नवरा सोफ्यावरून म्हणाला, "घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं. आता घानाची निवडणूकही आपल्याच घरात." मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.

यात आतली गोष्ट अशी होती की तिचा सख्खा मोठा भाऊ खासदार होता आणि पुन्हा उभा होता. हे तिने मला तब्बल दीड वर्षाने सांगितलं. माझा भाऊ खासदार असता, तर मी खोली बघायला आल्या आल्या सांगितलं असतं. वडील पूर्वीच गेलेले. भावाचं बिऱ्हाड राजधानीत, आणि आई गावातल्या जुन्या घरात एकटी. म्हणजे नावालाच एकटी. मी व्हिडिओ कॉलवर ते घर बघितलं, तेव्हा तिकडे सकाळ नुकतीच झाली होती, आणि अंगणात माणसंच माणसं बसली होती. कुणाच्या मुलाची फी भरायची राहिली होती, कुणाकडे मयत झाली होती, कुणाला दवाखान्यासाठी शब्द टाकून हवा होता. खासदार राजधानीत असला, तरी त्याची आई गावात होती. मग तिलाच सांगायचं. ती प्रत्येकाला पाणी द्यायची, सगळं ऐकून घ्यायची, आणि सवड मिळेल तसं मुलाला फोन करून सांगायची. सकाळची न्याहारी दुपारी व्हायची.

अंगणात मधोमध एक झाड होतं. पानं बघून मी म्हटलं, "अहो, हा तर कडुनिंब!" तिने ते त्यांच्या भाषेत सांगितलं, आणि माझी उत्सुकता त्या बाईंपर्यंत पोचली. त्यांनी फोन झाडाजवळ नेऊन मला फांदी दाखवली, तापावर पाला उकळून देतो म्हणाल्या. मग त्यांनी माझं स्वयंपाकघर बघायला मागितलं. पोळपाट, मसाल्याचा डबा, शेगडीवरची कढई, सगळं दाखवलं. डब्यातल्या एकेका वाटीबद्दल त्यांनी विचारलं. मी मनात म्हटलं, बाई आपल्याच जातकुळीतल्या आहेत. त्यानंतर दर रविवारी त्या लेकीशी बोलून झालं की "आंटी कुठे आहे?" म्हणून विचारायच्या. वयाने माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या, तरी मला आंटीच म्हणायच्या. मीही त्यांना मा म्हणू लागले, त्यांची लेक म्हणायची तसं.

मतदानाचा आठवडा लागला, आणि पोरीच्या तोंडचं पाणी पळालं. ताटात घेतलेलं तसंच राहू लागलं. फोन वाजला की दचकायची. मला वाईट वाटलं. भावाच्या जिंकण्याची काळजी लागली असणार, दुसरं काय? मी विचारायला हवं होतं. जगातल्या यच्चयावत गोष्टी विचारणारी मी, नेमकं तेवढंच विचारलं नाही. शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावताना मी देव्हाऱ्यातल्या गणपतीपुढे हात जोडले आणि म्हटलं, हिचा भाऊ निवडून येऊ दे, तुला एकवीस मोदक करते. उचलली जीभ लावली टाळ्याला.

शनिवारी सकाळी मी मोठ्या प्रेमाने तिला ही बातमी दिली. नवस म्हणजे काय, ते समजावून सांगितलं. देवाकडे मागणं मागायचं, ते मिळालं की बोललेलं फेडायचं. तिला ते लगेच कळलं. तिच्या हातातला कप तिने ओट्यावर ठेवला.

"आंटी, परत घेता येतो का?"

"काय?"

"नवस."

आता माझ्या तोंडचं पाणी पळालं. ती खुर्चीवर बसली आणि एकेक करून सगळं बोलली. उन्हाळ्यात तिची आई न्हाणीघरात पडली होती, ते मला माहीत होतं. पण त्यानंतर भावाबहिणींत जे ठरलं होतं, ते नव्हतं. आईला आता एकटं ठेवायचं नाही, हे दोघांनाही पटलेलं. आई गाव सोडून राजधानीत जायला तयार नव्हती. भाऊ म्हणाला होता, मी हरलो तर बायकोमुलांना घेऊन गावी परततो, आईजवळ राहतो. जिंकलो, तर तू ये. तिसरं भावंड नव्हतं. इथे तिला बढती मिळत होती, कायमचं राहण्यासाठी अर्ज करायचा विचार होता, आणि कंपनीला जानेवारीच्या आत उत्तर द्यायचं होतं. तिला इथेच राहायचं होतं. म्हणून दोन महिने ती भाऊ हरावा म्हणून प्रार्थना करत होती, आणि रविवारी चर्चमध्ये गेल्यावर तिची तिलाच लाज वाटत होती.

"तो वाईट खासदार नाही," ती म्हणाली. "तसा असता तर सोपं झालं असतं."

मी गणपतीकडे बघितलं. देवाला एकदा घातलेलं साकडं मागे घ्यायची रीत आमच्याकडे नाही. निदान मला माहीत नाही. मी आत जाऊन हळूच म्हणून बघितलं, की बाबा, मी बोलले ते घाईत बोलले, तू तुझ्या विचाराने कर. नवऱ्याने ऐकलं. तो म्हणाला, "आता देवालाही फेरमतदान करायला लावतेस का?" पण पोरीचा चेहरा बघून तो तिच्यासाठी चहा टाकायला उठला. वर्षातून एखाद्या वेळी तो मला असा चकित करतो.

मतदान त्याच शनिवारी होतं. तिकडे सकाळी सातला मतदान सुरू होतं, तेव्हा आमच्याकडे दुपारचे तीन वाजलेले असतात. आईने रांगेतूनच फोन लावला. रांग माणसांची होती तशीच दगडांचीही होती. लोक पहाटे अंधारात येऊन आपल्या जागी दगड नाहीतर चप्पल ठेवून जातात, आणि उजाडल्यावर येऊन आपापल्या दगडामागे उभे राहतात. कुणी कुणाचा दगड हलवत नाही. मी लगेच विचारलं, दोन दगड सारखे दिसले तर? मा हसल्या. म्हणाल्या, आपला दगड माणसाला ओळखू येतो. त्यांनी छान निळ्या-पिवळ्या कापडाचा पायघोळ पोशाख केला होता आणि डोक्याला त्याच कापडाचा रुमाल बांधला होता. लोक त्यांना पुढे जायला सांगत होते, खासदाराची आई म्हणून. त्या आपल्या दगडामागेच उभ्या राहिल्या.

तासाभराने पुन्हा फोन आला. शाई लागलेलं बोट त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरलं. लेकीने विचारलं, "मा, सगळं नीट झालं?" त्या म्हणाल्या, "झालं. घडी नीट घातली." एवढंच बोलून त्यांनी लेकीला जेवलीस का विचारलं. ती जेवली नव्हती, हो म्हणाली.

मतमोजणी तिथेच, मतदान केंद्राच्या अंगणात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत होते. हे मला सगळ्यात जास्त बघायचं होतं. एकेक कागद उंच धरून दाखवतात, कुणाचं मत ते सांगतात, आणि जमलेली माणसं मोठ्याने आकडा म्हणतात. आमची झोपायची वेळ झाली, तेव्हा तिथे अजून मतदानच चाललं होतं. आम्ही झोपलो. सकाळी उठले, तर ती आधीच स्वयंपाकघरात उभी होती. तिच्या गावातल्या मोजणीची एक छोटी चित्रफीत कुणीतरी पाठवली होती. एक बाई कागद वर धरते आहे, आणि अख्खं अंगण शाळेतल्या पाढ्यांसारखं एका सुरात आकडे म्हणतं आहे. मला त्यांची भाषा येत नाही, तरी मी पुन्हा पुन्हा ऐकलं. गर्दीत मा दिसत होत्या, एका खुर्चीवर.

सगळ्या मतदारसंघाचा निकाल दुपारी कळला. भाऊ जिंकला होता. फार मोठ्या फरकाने नव्हे, पण जिंकला. तिने फोन करून त्याचं अभिनंदन केलं, आणि खरंच मनापासून केलं, मी शेजारीच होते. मग फोन खाली ठेवून ती न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

मोदक करायचे की नाही, यावर मी तासभर घालवला. शेवटी तिनेच विचारलं, "फेडलं नाही तर काय होतं?" मी म्हटलं, काही होत नाही, पण मला झोप लागत नाही. ती म्हणाली, "मग करू या." आमच्या टॅम्पिनीस भागातल्या मार्केटमधून ताजं खवलेलं खोबरं आणलं. चांगला गूळ संपला होता, म्हणून इथला माडाचा काळा गूळ घातला. तिने उकडीच्या कळ्या माझ्याहून बारीक पाडल्या, आणि मला त्याचा रागच आला. नैवेद्य दाखवला. तिने हात जोडले नाहीत, पण मी जोडले होते तेवढा वेळ शेजारी उभी राहिली. मग टेबलाशी बसून आम्ही तिघांनी मोदक खाल्ले, आणि नवऱ्याने कधी नव्हे ते तिला विचारलं, "जाणार का तू?" ती म्हणाली, "अजून ठरवलं नाही. गावात पगार देऊन कुणी बाई ठेवता येते का, ते बघते आहे."

त्या रात्री भावाच्या विजयाची सभा झाली. दुसऱ्या दिवशी तिने मला ती फोनवर दाखवली. गावातल्या चौकात तो उभा होता, घामाने भिजलेला, चेहरा अगदी हिच्यासारखा. शेजारी खुर्चीवर मा. त्याने माईक हातात घेऊन लोकांचे आभार मानले, आणि म्हणाला, या निवडणुकीत मला पडलेलं पहिलं मत माझ्या आईचं आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याने वाकून आईचा हात हातात घेतला. मा समोर बघत हसत होत्या. मला ते बघून भरून आलं. मी म्हटलं, "बघ, किती अभिमान वाटतो आहे त्यांना."

तिने ती चित्रफीत पुन्हा सुरुवातीपासून लावली.

पुढच्या रविवारी मांचा फोन आला. नेहमीसारखा लांबला, पण त्यांनी आंटी कुठे आहे असं विचारलं नाही. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. ती बाहेर आली, तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. माझ्या हातातला चिमट्यांचा डबा तिने घेतला आणि एकेक चिमटा मला देत राहिली.

"मी तिला सांगितलं, की मी येते. तर ती म्हणाली, येऊ नकोस. मी म्हटलं, भावाशी ठरलं आहे. तेव्हा ती म्हणाली, ते मला तुझ्या भावाने केव्हाच सांगितलं होतं." तिने पुढचा चिमटा दिला. "राष्ट्राध्यक्षाच्या कागदावर तिने आमच्या पक्षालाच अंगठा दिला, आयुष्यभर दिला तसा. दुसऱ्या कागदावर भावाला दिला नाही. समोरच्याला दिला."

मी हातातला टॉवेल तसाच धरून राहिले.

"तिने तुमचं स्वयंपाकघर बघितलं होतं ना," ती म्हणाली. "म्हणते, तू तिथे हसत होतीस. तुला उठवून आणायचं माझ्या मनात येईना." मग म्हणाली, "मोजणीच्या वेळी ती तिथेच बसली होती. समोरच्याची मतं मोजायला लागले, तेव्हा आमच्या बाजूची माणसं गप्प होती. त्यातलं एक आपलं आहे, हे तिला माहीत होतं. समोरच्या लोकांबरोबर तीही आकडे म्हणत होती, ओठातल्या ओठात."

चौकातल्या खुर्चीवर हसणारा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आला, आणि मी त्याला काय समजले होते तेही आठवलं. माझीही लेक लांब आहे. ती तिथे हसते आहे, हे मीही फोनवर बघते. माझ्याने हे झालं असतं का, हे मला आजही सांगता येत नाही.

"मग राहा," मी म्हटलं. "तिला तेच हवं आहे. बाई ठेवा सोबतीला. एवढं करून तू गेलीस, तर त्यांनी केलेलं वाया नाही का जाणार?"

तिने शेवटचा चिमटा माझ्या हातात दिला.

"आंटी, रोज सकाळी लोक येऊन तिला सांगतात, तुझ्या मताने मुलगा जिंकला. ती त्यांना पाणी देते. भावाला हे ती मरेपर्यंत सांगणार नाही. पगारी बाईला सांगणार नाही. तिने फक्त मला सांगितलं. मी इथे राहिले, तर ती कुणापाशी बोलेल?"

जानेवारीत ती गेली. मी तिला थांब म्हणाले नाही. टॅक्सीत बॅगा ठेवून झाल्यावर मला रडू फुटलं, आणि ते तिच्यापासून लपवावं असं मला वाटलं नाही.